तोफेचा धातू हाच तिचा कागद

१/ वाळूजहून दौलताबाद जवळच. तेथील मेंढा तोफेची लांबी सारेच विचारतात, धातू क्वचितच कोणी. ओतीव कांस्यामुळेच तिच्या मागील टोकास मेंढ्याचे रेखीव मस्तक आले आणि औरंगजेबाचे नाव टिकले.

२/ विजापूरची मलिक-ए-मैदानही कांस्याची. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावरच आपला विजयलेख कोरविला. तेथीलच लांडा कसाब मात्र लोखंडी पट्ट्या व कड्यांची. जोडांवरून सलग ओळ कोरणे कठीण. शिवाय गंज अक्षरे खातो.

३/ म्हणून माझे मत : कांस्यावरील काळसर-हिरवे पुट हा मळ नव्हे, कवच आहे. चकाकीसाठी ते घासणे ही दुर्गसेवा नव्हे. त्यात अक्षरांची धारही झिजते. आपण तोफ उजळत नाही, दस्तऐवज पुसतो.