पथ्य पुढे ढकलण्याचा सल्ला

2020च्या टाळेबंदीत मधुमेह्यांच्या घरी एक सल्ला फार चालला : ‘आधी जीव वाचू दे, पथ्याचं मग बघू.’ त्यात माया होती, पण शास्त्र उलटं सांगतं. रक्तातली साखर चढलेलीच राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी झुंजायची ताकद घटते. त्यात कोरोनासाठी स्टिरॉइड दिलं की साखर आणखी भडकते, विशेषतः दुपारनंतर. 2021च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत मधुमेही किती होते हे इतक्यात विसरायचं?

‘साखर नको, पण गूळ नैसर्गिक आहे,’ हा दुसरा दावा. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात गूळ ऐच्छिक होता, चवीपुरता. मधुमेह्यांनी च्यवनप्राशही बिनसाखरेचा घ्यावा असं त्याच सूचनांत होतं. घरोघरी मात्र गुळाशिवाय काढा उकळेना. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं. तो रक्तात साखर चढवतोच.

तिसरा आक्षेप खरा आहे : ‘रेशनला गहू-तांदूळच मिळतात, पथ्य कशाचं करू?’ 2020च्या टाळेबंदीत मोफत धान्य माणशी महिना 5 किलो मिळे आणि डाळ अख्ख्या कुटुंबाला 1 किलो. हातावर पोट असलेल्याला सॅलड खायला सांगणं निर्दयपणाचं आहे. रुग्णाच्या जिभेला दोष देण्याआधी मदतीच्या पिशवीत काय भरलं ते पाहा. ज्वारी, हरभरा, मटकी इथेच पिकतात, टिकतात. मग त्या पिशवीत का नसाव्यात?

तोवर घरात आहे त्यातूनही पुष्कळ साधतं. भात निम्मा, वरण घट्ट, जमेल तेव्हा उसळ, आणि जेवण ठरल्या वेळी. इन्सुलिन टोचून उपाशी राहणं फार धोक्याचं. घाम सुटला, हात थरथरले, साखर 70च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या घटकेला साखर हेच औषध. तापात जेवण जात नसेल तर पेज, ताक, वरणाचं पाणी घोटघोट द्या. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारा.

पुढच्या साथीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे होतील, तेव्हा विलगीकरण केंद्रांत मधुमेह्यांचं ताट वेगळं वाढलं जावं, आणि धान्याच्या यादीशेजारी ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स व इन्सुलिन यांचीही मागणी लिहिलेली असावी.