अणूला म्हातारपण नसतं

'इतकी वर्षं झाली, आता त्यात काय उरलं असणार?' हे वाक्य इंजिनियरच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरतं. बारावीला हाफ लाइफची गणितं रट्टा मारून सोडवली ना राव?

मायापुरी आठवतंय? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास घेतलेलं एक गॅमा इरॅडिएटर होतं. १९८५ पासून वापर बंद. फेब्रुवारी २०१० मध्ये ते चक्क लिलावात भंगारात गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, बरेच जण आजारी पडले आणि एप्रिलमध्ये एक कामगार गेला.

आता गणित बघा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. आपलं सरळ रेषेतलं डोकं म्हणतं, सव्वापाच वर्षांत अर्धा संपला, म्हणजे साडेदहा वर्षांत साफ! साफ कुठला, पाव उरतो. चाळीस वर्षांत साधारण ७.६ अर्धायुकाल होतात, म्हणजे मूळच्या जवळपास १९० वा भाग शिल्लक. तेवढा पुरला. किती अंश उरला एवढंच विचारून भागत नाही, कशाचा अंश तेही विचारायला लागतं.

मशीन झिजतं, अणू झिजत नाही. चाळीस वर्षं टिकलेल्या कोबाल्टच्या अणूची पुढच्या वर्षी फुटायची शक्यता कालच बनलेल्या अणूइतकीच, सुमारे १२ टक्के. इथे ईएमआयसारखा ठरलेला हप्ता वजा होत नाही, जे शिल्लक असेल त्याचे १२ टक्के जातात. लासलगावला हाच कोबाल्ट कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून वापरतात. तिथे ही घट हिशोबात धरावीच लागते. वापरात असताना जमतं, मग अडगळीत टाकल्यावर का नाही?

वर दोष कुणाला, तर भंगारवाल्याला! आमच्या भाईंदर पश्चिमेला पोरं उघड्या हातांनी छिन्नी-हातोडा घेऊन जुन्या मोटारी फोडत असतात. त्यांना शिसं दिसलं की किलोचा भावच दिसणार. तो कोबाल्ट अडवायला घातलाय हे त्यांनी कुठून ओळखायचं? ओळखायला हवं होतं ते लिलावाच्या कागदावर सही करणाऱ्यांनी. असा स्रोत टाकायचा तर अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, हे काही गुपित नाही.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये किंमत शून्य केली की आपल्याला वाटतं वस्तूच शून्य झाली. तुमच्या कॉलेजच्या, कंपनीच्या स्टोअरमध्ये पिवळ्या-काळ्या तीन पात्यांचं चिन्ह असलेली पेटी असेल, तर सोमवारी आधी तिच्यावरचं नाव आणि तारीख वाचा.