सातबाऱ्यावर खोली नसते

५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून हा दिवस रीतसर पाळला जाऊ लागला. आपल्याकडे तारीख जरा अडनिडी पडते. पाऊस सरून दोन महिने झालेले असतात, सोलापूरकडे रब्बी ज्वारी उभी असते आणि माती गेल्याची खूण शोधावी लागते. ती बांधावर सापडते. वरच्या बांधावरच्या जुन्या बाभळीची मुळे वीतभर उघडी पडलेली दिसतात आणि खालच्या कोपऱ्यातला बांध गाळात निम्मा बुडालेला असतो. बाभूळ आहे तिथेच आहे, तिच्या बुंध्याजवळची जमीन तेवढी खाली गेली आहे.

ओढा पात्र सोडून शेतात शिरला तर तलाठी येतो, पंचनामा होतो, ‘जमीन खरडून गेली’ अशी नोंद पडते आणि निदान मदत तरी मागता येते. दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजणारी जमीन मात्र कोणत्याच कागदावर येत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, खोली नसते.

हिशेब तसा सोपा आहे. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर थर गेला तर दहा घनमीटर, म्हणजे सुमारे तेरा टन माती गेली. संशोधक ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशातल्या धुपेचा अंदाज मांडला, तो वर्षाला हेक्टरी सरासरी १६.४ टनांचा. म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. एवढ्याने कोणाची झोप उडत नाही, आणि धोका आहे तो तिथेच.

हा न दिसणारा पंचनामा करणारी माणसे आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले, १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूरला केंद्रे निघाली. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोलापूरच्या रानात वाहते पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती मोजली. या कामाची रीत आजही ओळखीची आहे. उताराचा ठरावीक तुकडा चारही बाजूंनी अलग करायचा, खालच्या टोकाला हौद ठेवायचा. पाऊस थांबला की हौदातले पाणी मोजायचे, ढवळून बाटलीत नमुना घ्यायचा, तो वाळवायचा आणि तोलायचा. बाटली नुसती ठेवून दिली तर रेती लगेच तळाशी बसते, पण चिकणमातीचा गढूळपणा दुसऱ्या दिवशीही हटत नाही. शेतातून सर्वात आधी निसटते ती हीच माती, ओल आणि खत धरून ठेवणारी.

अशा मोजणीने काही समजुती मोडल्या. पावसाळाभराच्या धुपेचा मोठा वाटा दोन-चार जोरदार सरींचाच असतो. त्या सरी पडतात तेव्हा रब्बीची जमीन पेरणीची वाट पाहत उघडी पडलेली असते. उघड्या मातीवर थेंब आदळले की ढेकळे फुटतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरायचे सोडून धावू लागते. म्हणून आडवी मशागत, वरंबे आणि आच्छादन हे उपाय थेंब पडतो तिथेच काम करतात.

बांधांचेही तसेच. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्ती हे सरकारी काम झाले आणि समपातळी बांध गावोगाव पोहोचले. हलक्या, मध्यम जमिनीत ते टिकले. भारी काळ्या रानात त्यांच्यामागे पाणी तुंबले, पीक पिवळे पडले आणि उन्हाळ्यातल्या भेगांतून पाणी शिरून बांध फुटले. जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध तिथे बरे, हा धडा त्यातून मिळाला. चिबडलेल्या रानातला बांध एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच फोडला असेल तर त्याला अडाणी म्हणण्याआधी त्याची माती पाहायला हवी.

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हाच प्रश्न मांडला होता. शेतातला कस पावसाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून सरकारने रिकाम्या वेळात लष्कर आणि पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, ही त्यांची सूचना होती. आज आपण उलटी वाट चालतो. माती फुकट खाली जाते, तलावात बसते. मग २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत ती उपसून, डिझेल जाळून पुन्हा वर न्यावी लागते. योजना उपयोगी आहे, पण हा उपचार आजार झाल्यानंतरचा. नाला खोल केला की फोटो निघतो आणि साठलेल्या पाण्याचा आकडा फलकावर छापून येतो. वरच्या शेतातून किती माती आली, हे विचारायला त्या फलकावर रकानाच नसतो.

तो रकाना हवा. पाणलोटाच्या प्रत्येक कामाला खर्चाचा छोटा हिस्सा मोजणीसाठी बांधून द्यावा. नाल्याच्या तोंडाशी पाणी आणि गाळ मोजण्याची सोय असावी, कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी ती सांभाळावी आणि आकडे ग्रामसभेत वाचले जावेत. ग्रामसभेत गाळाची बाटली हातोहात फिरली, तर कोणाच्या रानाची माती कुठे चालली आहे, हे गाव स्वतःच सांगेल.