जीपला डिझेल इंजिन बसवले, पण आरसी बुकाचे काय?

लोणावळ्याचा पाऊस अन् मावळातली चिखलाची चढण. तिथे दुधाचे कॅन न्यायला जुनी जीपच लागते, हे तुम्ही जाणताच. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी डिझेल इंजिन बसवले. ओढ वाढली, हे खरेच. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, जुना स्वस्ताईचा हिशेब राहिला नाही. शिवाय जड इंजिनाने पुढचे पाटे दबतात. खरी मेख कागदात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते, बदलाला मंजुरी हवी. आरसी बुकात नवा इंजिन नंबर अन् इंधन चढले नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. तेव्हा मंडळी, आधी पिंपरी-चिंचवडचे आरटीओ, मग गॅरेज!