सूर विकत मिळतो काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपून मंडळी घरोघर परतल्यावर, आमच्या भेटीस एक कुटुंब आले. वडील शेतकरी, आई घर सांभाळून काजूच्या बागेत राबणारी, आणि सोबत सतरा वर्षांचा मुलगा. हा मुलगा गेली दोन वर्षे गायनमंडळात साधी लाकडी गिटार वाजवितो आणि बरी वाजवितो. आता त्याला विजेची गिटार हवी होती. वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरांत त्याने यादी केली होती : एक गिटार, एक ॲम्प्लिफायर आणि पायाने दाबावयाची सात पेडले. बेरीज १,१०,००० रुपये. काजूच्या हंगामाचे ४५,००० वडिलांच्या हाती होते. उरलेल्या रकमेसाठी आईने आपल्या बांगड्या गहाण ठेवण्याचे मनाशी ठरविले होते.

"फादर, सेमिनरीत असताना तुम्ही गिटार वाजवीत होता असे ऐकतो," वडील म्हणाले. "हे सगळे खरेच लागते काय, एवढेच सांगा. लागत असेल तर आम्ही मागे हटणार नाही."

मुलगा जमिनीकडे पाहत उभा होता. हाच प्रश्न आणखी दोन घरांतून आमच्याकडे आलेला आहे. म्हणून त्या दिवशी जे बोललो ते वाचकांसाठी येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम हे वाद्य आहे तरी काय, ते पाहू. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घुमून बाहेर पडतो. विजेच्या गिटारीस बहुधा पेटीच नसते; असते ती सबंध लाकडाची भरीव फळी. तारांखाली लोहचुंबक बसविलेले असते व त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेतलेले असतात. ह्यास पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती वीज ॲम्प्लिफायर मोठी करतो व स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर हे वाद्य मुकेच राहील.

१९५० मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः त्यांना गिटार वाजविता येत नसे! १९५२ मध्ये गिब्सन कंपनीची लेस पॉल आली आणि १९५४ मध्ये फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटारी ह्या तिघींच्याच लेकी-नाती होत.

आता आवाज ज्या वाटेने बोटापासून कानापर्यंत जातो, त्याच वाटेने आपणही जाऊ.

वाटेचा आरंभ हातापासून आहे. तार घोडीजवळ छेडली तर आवाज धारदार, दांडीकडे सरकून छेडली तर गोल व मऊ. बोट फ्रेटच्या अगदी लगत दाबले तर स्वर स्वच्छ, मागे राहिले तर तार खरखरते. ह्या फरकास एक पैसाही पडत नाही.

हातानंतर तार. घामाने गंजलेल्या, वर्षभर न बदललेल्या तारांवर लाखाची गिटारही मंद वाजते. नव्या तारांचा संच हा आवाज सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्याच्या जोडीला गिटार नीट जुळवून घ्यावी. दांडी वाकलेली नसावी. तारा फ्रेटपासून फार उंच नसाव्यात व खडखडतील इतक्या खालीही नसाव्यात. बाराव्या फ्रेटवर तारेस अलगद स्पर्श करून निघणारा स्वर आणि तीच तार तेथे दाबून निघणारा स्वर एकच भरला पाहिजे. दाबलेला स्वर चढा लागला तर घोडीवरील त्या तारेचा आधार किंचित मागे सरकवावा. हे न केल्यामुळे कित्येक चांगल्या गिटारी "बेसूर" म्हणून माळ्यावर पडून आहेत.

त्यानंतर पिकअप. एका वेढ्याचा पिकअप लख्ख व टणत्कारी वाजतो. परंतु घरातील विजेचा गुणगुणाटही तो टिपतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर युक्ती काढली. दोन वेढे एकमेकांच्या उलट जोडले की गुणगुणाट परस्पर छाटला जातो आणि तारेचा स्वर तेवढा शिल्लक राहतो. ह्या हंबकर पिकअपचा आवाज अधिक जाड व उबदार असतो. स्वच्छ साथ करावयाची असेल तर पहिला, भरदार व लांबणारे सूर हवे असतील तर दुसरा. कोणता श्रेष्ठ हा प्रश्नच नाही. आपण काय वाजविणार हा प्रश्न आहे.

किमतीने दिपून जाणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो. १९६३ मध्ये लंडननजीक राहणाऱ्या ब्रायन मे ह्या सोळा वर्षांच्या मुलास फेंडरची गिटार हवी होती, पण ती घेण्याची घरची ऐपत नव्हती. त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. बापलेकांनी घरीच गिटार करावयास घेतली. दांडीसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, फ्रेटांमधील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्यांची बटणे, आत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आणि स्वर हलविणाऱ्या ट्रेमोलोच्या दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई! सुमारे दोन वर्षांनी ती पुरी झाली. पिकअप मात्र त्यांनी शेवटी दुकानातून आणले; जे घरी चांगले साधेना, तेथेच पैसा खर्चिला. पुढे क्वीन ह्या जगप्रसिद्ध बँडमध्ये ब्रायन मे हीच गिटार वाजवीत राहिले. ह्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता, हे कित्येक वाचकांस ठाऊक असेल.

हे ऐकताना मुलाने प्रथमच मान वर केली. पण आमचा पुढचा मुद्दा त्याला रुचला नाही. त्याच्या यादीत पेडलांवर सर्वांत अधिक पैसा होता आणि ॲम्प्लिफायरवर सर्वांत कमी. आमच्या मते येथेच गणित उलटे झाले होते. विजेच्या गिटारीची खरी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर व त्याचा स्पीकर. साधारण गिटार चांगल्या ॲम्प्लिफायरवर गोड वाजते. उत्तम गिटार डबड्या ॲम्प्लिफायरवर रडते.

तेथेही वॅटच्या आकड्यास भुलू नये. कानास आवाज अजमासे दुप्पट वाटावयास दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर १० वॅटच्यापेक्षा दहापट नव्हे, सुमारे दुप्पटच मोठा वाटतो. घरी व लहान सभागृहात १५ ते ३० वॅट पुरे. जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जोरात वाजविले की आवाजास सुरेख जाडी येते; परंतु ते जड व महाग असतात, व्हॉल्व्ह बदलावे लागतात, आणि स्पीकर न जोडता ते चालू केले तर आतील ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शिकणाऱ्याने ट्रान्झिस्टरचा चांगला ॲम्प्लिफायर घेण्यात कमीपणा नाही.

उरली पेडले. त्यांचा जन्मच मोठा गमतीदार आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे एक गीत मुद्रित होत असताना यंत्रातील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांस आवडला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसा आवाज मुद्दाम काढणारी जोडणी तयार केली व गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ती 'माएस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने विक्रीस आणली. १९६४ मध्ये किंक्स ह्या बँडच्या डेव्ह डेव्हीस यांनी तर आपल्या लहान ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापून हवा तो फाटका आवाज मिळविला!

तेव्हापासून प्रतिध्वनी देणारी, आवाज दुणावणारी, लहरविणारी अशी नाना पेडले निघाली. पेडल म्हणजे भाजीतील मीठ. चिमूटभर पडले तर चव; पण भाजीच नसेल तर नुसते मीठ कोण खाणार? पेडल घेण्यापूर्वी स्वतःस विचारावे, "मी वाजवितो त्या गाण्यात नेमके काय उणे आहे?" उत्तर एका शब्दात देता आले तर ते पेडल घ्यावे. दुसरे घ्याल तेव्हा आवाज फाडणारे आधी व प्रतिध्वनीचे नंतर, असा क्रम बहुधा सोयीचा पडतो.

बोलणे संपत आले असता आम्ही सहज विचारले, "हल्ली सराव कोठे करतोस?" मुलगा म्हणाला, "मित्राच्या घरी, फादर. त्याच्याकडे जुना ॲम्प्लिफायर आहे. त्याच्या प्लगची मोठी पिन काढून टाकली की गुणगुण थांबते. माईकला ओठ लागले की जरा झिणझिण्या येतात, एवढेच."

ह्या एका वाक्यासरशी यादी, बेरीज, बांगड्या सारे आमच्या मनातून पुसले गेले. ती मोठी पिन जमिनीशी जोडलेली, अर्थात अर्थिंगची. गिटारीच्या तारा तिच्याच द्वारे जमिनीशी जोडलेल्या असतात. पिन काढली आणि ॲम्प्लिफायरच्या आत कोठे बिघाड झाला, तर वीज थेट तारांत येते, आणि ओठ माईकला लागताच हातातून छातीवाटे तिला रस्ता मिळतो. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज ह्या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मंचावरच मरण पावला. तो २७ वर्षांचा होता. झिणझिण्या ही गंमत नव्हे. ती सूचना आहे. गुणगुणाट घालवावयाचा तर केबल बदलावी, दुसरा पिकअप लावावा. ती पिन कधीही काढू नये. घरात अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा-स्विच बसवावा. आईचा हात नकळत मुलाच्या खांद्यावर गेला. त्याच संध्याकाळी मित्राच्या घरचा तो ॲम्प्लिफायर बंद झाला.

पंधरा दिवसांनी आम्ही कामानिमित्त बेळगावास गेलो तेव्हा बापलेक बरोबर होते. दुकानात मुलास आम्ही पाठ फिरवून उभे केले व तीन गिटारींवर एकच चाल वाजविली, पेडलाशिवाय. त्याने दोनदा जी निवडली ती मधल्या किमतीची, एकदा वापरलेली निघाली. मग त्याने तिची प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून पाहिली, खुंट्या फिरविल्या, बटणे खरखरतात का ते ऐकले. ती गिटार, २० वॅटचा एक ॲम्प्लिफायर, चांगली केबल, तारांचे दोन संच आणि एक पेडल मिळून ३८,००० झाले. उरलेल्यातून घरी अर्थिंग झाले.

यादीतील सहा पेडले राहिली. परतताना मुलाच्या तोंडावर थोडी निराशा होती, हे खोटे कशाला सांगावे? वडीलही गप्प होते. परंतु गेल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो तेव्हा ओसरीतून एक सूर ऐकू आला. स्वच्छ, लांबणारा, शेवटास हलकेच कापणारा. आई दाराशी सूप घेऊन काजू निवडीत बसली होती. तिच्या हातातील बांगड्यांचा किणकिणाट त्या सुरात अधूनमधून मिसळत होता.

"कोणते पेडल लावले आहेस रे?" आम्ही विचारले.

"एकही नाही, फादर," तो म्हणाला. "तारा तेवढ्या नव्या आहेत."