खळ काढून पाहा, मग मत द्या!



निवडणूक आली की गिरणगावात दरवेळी एक चमत्कार घडतो. पाच वर्षांत ज्याचे तोंड दिसले नाही तो माणूस एकदम सगळ्यांचा 'दादा' होतो, 'भाऊ' होतो. चाळीच्या भिंतीला रंग लागतो. मंडळाला कॅरम बोर्ड येतो. आयाबायांना हळदीकुंकवाला स्टीलचे डबे मिळतात, म्हाताऱ्यांना शिर्डीची बस मिळते आणि शेवटच्या रात्री दिवे मालवून बंद पाकिटे फिरतात. हे सगळे कोण देतो? दादा देतो. दादाकडे कुठून आले? हा प्रश्न विचारला की शेजारी म्हणतो, "तुला काय करायचंय? मिळतंय ना?"

आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत. ही पुस्तिका तुम्ही खिशातले पैसे मोजून विकत घेतली आहे. तिच्यामागे कोणी थैलीशहा नाही, म्हणून आम्हाला कोणाची भीडही नाही.

गिरणीतल्या माणसाला दस्तुरी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गेटावर उभे राहून बदली मिळवायची तर आधी जॉबरचा हात ओला करावा लागे. एकदा दस्तुरी दिली-घेतली की तो माणूस गिरणीचा उरत नसे, जॉबरचा होई. जॉबर म्हणेल तेव्हा काम, म्हणेल तेव्हा घर. 1935 साली मुंबईच्या मालकांनी बदलीची नवी पद्धत आणली, तेव्हा त्यातले एक कारण या जॉबरशाहीला लगाम घालणे हेच होते. तोच कारभार आज मतदानाच्या रांगेत चालू आहे, फक्त दस्तुरीची दिशा उलटी झाली आहे. जॉबर आता पैसे घेत नाही, देतो. आणि देऊन तेच विकत घेतो जे तेव्हा घेत होता: आपले तोंड. पाकीट घेतलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात गटार तुंबले म्हणून दादाच्या दारात जाऊन कोणत्या तोंडाने बोलणार? "तुझं मी फेडलंय," असे दादा बोलून दाखवत नाही. बोलायची गरजच नसते.

आणि दादाने ते पैसे स्वतःच्या घामाचे थोडेच दिले? ज्याने दादाला पैसे पुरवले त्याचे नाव तुम्ही वाचले नाही, आम्हीही वाचले नाही. पण तो कोण असतो हे काही गुपित नाही. महापालिकेचे काम घेणारा कंत्राटदार असतो. पडकी चाळ खरेदी करायला टपलेला बिल्डर असतो. मुंबई महापालिकेचा 2025-26 सालचा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता. अहो, एवढ्या खजिन्याच्या दारावर आपला माणूस बसवायला कोणी चार पैसे सैल सोडले तर त्याला दानशूर म्हणायचे का? तो व्यापार करतो आहे. नगरसेवक स्थायी समितीत हात वर करतो आणि निविदा मंजूर होते. त्या वर झालेल्या हाताला आपण दिलेली मते असतात, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या मुठीत असते.

अलीकडे पक्षांच्या कचेऱ्यांत एक शब्द फार चालतो: 'निवडून येण्याची क्षमता'. तिकीट कोणाला? ज्याच्याकडे निवडून येण्याची क्षमता आहे त्याला. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण त्या क्षमतेची साल काढली की आत काय निघते? पैसा, पोरे आणि पोलीस चौकीत ओळख. वीस वर्षे नळाच्या रांगेत भांडणे सोडवणाऱ्या, रेशनच्या दुकानात तराजू तपासणाऱ्या बाईकडे ही 'क्षमता' नसते म्हणे! प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की मात्र यांना बाई आठवते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, म्हणून हे घरातली बाई उभी करतात आणि फलकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा छापतात. ज्या बाईला आपल्या फलकावर जागा नाही तिला सभागृहात कितीशी मिळेल?

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण चारित्र्याने गटार साफ होते का? बरोबर आहे, होत नाही. निव्वळ सज्जन माणूस उभा करून आपले भागणार नाही, हे आम्ही ठणकावून सांगतो. देवाला घाबरणारा, कोणाचे वाईट न चिंतणारा, पण वॉर्ड ऑफिसात कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो हे ठाऊक नसलेला माणूस म्हणजे साच्यावर बसवलेला कीर्तनकार. आम्ही चारित्र्य म्हणतो ते निराळे. तो माणूस अर्थसंकल्प वाचतो का? प्रस्तावाची पाने उलटून पाहतो का? सगळे सभागृह एकीकडे असताना एकट्याने 'नाही' म्हणू शकतो का?

असा माणूस या महाराष्ट्रात होऊन गेला. जोतिराव फुले 1876 ते 1883 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून हजार रुपये खर्चून शहर सजवायचा ठराव आला. नेमलेल्या माणसाने नेमणाऱ्याच्या स्वागताला विरोध करायचा म्हणजे काय ते समजून घ्या. जोतिरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. दारूची दुकाने वाढू लागली तेव्हाही ते गप्प बसले नाहीत. ठराव मंजूर झाला, ते हरले. पण हजार रुपये कोणाच्या खिशातून कशावर जातात हे विचारणारा एक सभासद होता, याची नोंद राहिली. याच जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी 1890 साली ज्यांच्या झगड्यामुळे मिळाली ते लोखंडे. आज रविवारी दुपारी आडवे होऊन पाठ टेकता ना? त्या पाठीवर त्यांचे ऋण आहे.

आपल्याला मत तरी कधी मिळाले? मुंबई महापालिकेत प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक 1948 साली झाली. त्याआधी मताचा हक्क मालमत्तेवर आणि घरभाड्यावर तोलला जाई; एका खोलीत दहा-बाराजण पाळीपाळीने झोपणारा गाळेकरी त्या तराजूत बसतच नसे. शहराचे कापड आपण विणायचे आणि शहराचे मालक भलतेच. म्हणून त्या काळी सभासदाला 'नगरपिता' म्हणत असावेत, बाप काही मुलांना विचारून होत नाही! 1948 नंतर तरी हा शब्द मोडायला हवा होता. अजूनही काहींना तो ऐकायला गोड लागतो.

आणि मग 1957 साल उजाडले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे बळी पडली होती, त्यांत याच गल्ल्यांतले गिरणी कामगार होते. समितीकडे गिरण्या नव्हत्या, बँका नव्हत्या. होत्या त्या गेटसभा. होती गावकरी मंडळे, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांची डफ-तुणतुण्यावरची शाहिरी होती. त्या वर्षी समितीने मुंबई महापालिका जिंकली, आणि महापौरपदावर बसले ते शिक्षक असलेले मो. वा. दोंदे. पुढच्या वर्षी, 1958 साली, एस. एस. मिरजकर महापौर झाले. 1929 च्या मीरत खटल्यातला आरोपी, लाल बावट्याचा कार्यकर्ता, मुंबईचा प्रथम नागरिक! 1959 साली पी. टी. बोराळे. यांच्यापैकी कोणाचे नाव पाकिटावर छापून वाटले गेले होते? लोकांनी त्यांना आधी ओळखले होते, मग निवडले.

गोरेगावच्या मृणाल गोरे 1961 साली महापालिकेत गेल्या. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. ही पदवी कुठल्या विद्यापीठाने दिलेली नव्हती. हंड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी दिली होती. उमेदवाराला लोकांनी ठेवलेले नाव काय आहे, ते विचारा; तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

तेव्हा सगळेच सोने होते असे आम्ही म्हणत नाही. त्या सभागृहातही भांडणे होती, गट होते, रुसवेफुगवे होते. पण प्रचाराची रीत अशी होती की निवडून गेलेला माणूस चाळीचे देणे लागत होता, कंत्राटदाराचे नव्हे. तुम्ही पायी फिरून, दार ठोठावून, आणे गोळा करून निवडून आलात तर पाच वर्षे तुम्हाला ती दारे आठवतात. पैसे फेकून आलात तर फेकलेले पैसे आठवतात. मुळात मुद्दा एवढाच आहे. दारोदार प्रचार हा गरिबाचा नाइलाज नाही, तो उमेदवाराला बांधून घालायचा दोर आहे.

दोर सुटला की काय होते, ते गिरणगावाइतके कोणी पाहिले? 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात माणूस बाहेर पडला. पुढे भोंगे थांबले आणि जमिनीचा भाव बोलू लागला. 1991 च्या नियमात बंद गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियमाचे शब्द बदलले. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची, शेडखालच्या जमिनीची नाही! सुप्रीम कोर्टाने 2006 साली ते कायम केले. बदल राज्य सरकारचा होता, हे खरे. पण जी मैदाने गेली ती शहराची होती. आपल्या पोरांना खेळायला मिळणारी एकर न् एकर जमीन दोन ओळींत आकसत असताना तुमचा तेव्हाचा नगरसेवक सभागृहात उभा राहून बोलला होता का? विचारा की त्याला. त्याच्या वारसाला विचारा, तो येईलच मत मागायला.

आणि निवडणूकच नको म्हणणारेही आहेत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि 2025 साल सरेपर्यंत शहरात एकही निवडलेला नगरसेवक नव्हता. प्रशासकाने कारभार हाकला. काही शहाणे तेव्हा म्हणाले, बरे झाले, चोर तरी गेले! चोर गेले की फक्त दार काढून टाकले? वाईट नगरसेवकाच्या दारात निदान मोर्चा नेता येतो.

आता काय करायचे ते बोलू. हे नुसते मुंबईपुरते नाही. इचलकरंजीत 2022 साली नगरपालिकेची महापालिका झाली, भिवंडी आहे, मालेगाव आहे, सोलापूर आहे. जिथे माग खडखडतो तिथे हेच लागू.

कपड्याला खळ जास्त लावली की तो जाड दिसतो, ताठ उभा राहतो, गिऱ्हाईक फसते. एका धुण्यात खळ जाते आणि जाळी उरते. तुम्ही कापड उजेडासमोर धरून ताणा-बाणा मोजणारी माणसे, उमेदवाराच्या बाबतीतच कशी फसता? त्याचे शपथपत्र पाहा. मालमत्ता किती, गुन्हे कोणते, ते त्यात लिहून द्यावे लागते. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र काढून शेजारी ठेवा आणि आकडा कितीपट झाला ते चाळीच्या फळ्यावर लिहा. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा वाटा आहे, ज्याने स्वतः किंवा ज्याच्या बायकोने बेकायदा बांधकाम केले आहे, त्याला मुंबईच्या महापालिका कायद्यानेच नगरसेवकपदाचे दार बंद केले आहे. पण तक्रार करणारा कोणी लागतो ना! कायदा उमेदवाराने प्रभागात राहावे असे म्हणत नाही. आपण म्हणू. निदान कोणत्या नळाला किती वाजता पाणी येते एवढे तरी त्याने न विचारता सांगावे.

आपला उमेदवार उभा करायचा असेल तर तो तारीख जाहीर झाल्यावर शोधू नका, उशीर झालेला असतो. मतदार यादीचा मसुदा लागतो तेव्हाच कामाला लागा. गावी गेलेल्यांची, खोली बदललेल्यांची, नुकत्याच अठरा पुऱ्या केलेल्या पोरापोरींची नावे खोलीवार तपासा. मुदतीत हरकत घेतली नाही तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर आरडाओरडा करून काडीचा उपयोग नाही. एकेका चाळीला दोन माणसे नेमा, त्यांत एक बाई हवीच, कारण दुपारी दार तीच उघडवू शकते. पूर्वी पाळी सुटली की गेटावर माणूस सापडे. आता कोण सिक्युरिटीत बारा तास उभा, कोण गाडी चालवतो, कोण सामान पोचवतो. म्हणून एकाच दारावर दोनदा, तीनदा जावे लागेल. जा. भाषण ठोकू नका, वही घेऊन जा आणि तक्रार लिहून घ्या.

वर्गणी घ्या, पावती द्या. मोठ्या माणसाची मोठी थैली आली तर नमस्कार करून परत पाठवा, मग तो आपला जातभाई असो की गाववाला. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब निवडणूक आयोगाला द्यावाच लागतो. आपण त्याच्या आधी, रोजच्या रोज, तो हिशेब चाळीच्या दारात खडूने लिहून लावू: किती आले, कोणाकडून, कशावर गेले, चहाच्या पैशांसकट. आणि मग समोरच्या उमेदवाराच्या कचेरीत चारपाचजणांनी शांतपणे जाऊन विचारावे, "दादा, तुमचा फळा कुठाय?"