नवा मार्ग, जुनी रेल्वे : फेस्टिनिओगवरील ‘बनावटपणा’च्या आरोपाचा समाचार

(धागा. लांब आहे, पण मुद्दा एकाच बोगद्यापाशी येऊन मिटतो.)

वारसा-रेल्वेचा विषय निघाला की इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक आक्षेप हमखास डोके वर काढतो. वेल्समधील फेस्टिनिओग रेल्वेचा सुमारे चार किलोमीटरांचा मार्ग हौशी स्वयंसेवकांनी १९६५ नंतर नव्याने बांधला. मग ती १८३६ ची रेल्वे कशी म्हणायची? ती जुन्या नावाची नवी खेळण्यातली गाडी, असे सांगून आक्षेपक मोकळे होतात. आक्षेप ऐकताना मोठा शास्त्रशुद्ध वाटतो. प्रत्यक्षात त्या रेल्वेचा इतिहास न वाचताच तो घेतलेला आहे.

आधी ती रेल्वे काय होती ते पाहावे. फेस्टिनिओग रेल्वे कंपनी ब्रिटिश संसदेच्या २३ मे १८३२ च्या कायद्याने स्थापन झाली आणि त्याच कंपनीच्या नावाने ती आजही चालते. काम एकच : ब्लायनायच्या डोंगरातील खाणींमधून निघालेली पाटीच्या दगडाची कौले साडेतेरा मैल खाली पोर्थमाडोगच्या बंदरात पोचवणे. दोन रुळांतील अंतर दोन फुटांहून अर्धा इंच कमी. अभियंता जेम्स स्पूनर याने उतार असा साधला की भरलेल्या वाघिणी कोणत्याही इंजिनावाचून, केवळ ब्रेक सांभाळणाऱ्या माणसांच्या भरवशावर, समुद्रापर्यंत घरंगळत येत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे होते. खाली येताना हे घोडे शेवटच्या खास वाघिणीत उभे राहून, दाणा खात, प्रवास करीत. इंग्लंडातील पुष्कळ मजुरांच्या नशिबी हे सुख नव्हते.

१८६३ मध्ये वाफेची इंजिने आली. एवढ्या अरुंद रुळांवर वाफेचे इंजिन नीट चालणार नाही, असा तोवर सर्वसाधारण समज होता. १८६९ मध्ये ‘लिटल वंडर’ हे फेअरली पद्धतीचे दुतोंडी इंजिन आले आणि १८७० च्या त्याच्या चाचण्या पाहण्यासाठी परदेशांतून अभियंते वेल्सच्या त्या दरीत उतरले. दोन फुटी रुळांचा हा दाखला नंतरच्या डोंगरी रेल्वे बांधणाऱ्यांसमोर होता. दार्जिलिंग (१८८१) आणि आपले माथेरान (१९०७) ही त्याच जातकुळीची नावे.

पुढे कौलांची मागणी घटली. प्रवासी वाहतूक १९३९ मध्ये थांबली, १ ऑगस्ट १९४६ रोजी उरलेली मालवाहतूकही. येथे एक विनोदी योगायोग आहे. १८३२ च्या कायद्यात रेल्वे बांधण्याची आणि चालवण्याची तरतूद होती, मोडीत काढण्याची नव्हती! त्यामुळे रूळ उपटून विकण्याचा अधिकार कंपनीला नव्हता. रूळ जागेवर राहिले, त्यांवर काटेरी झुडपे माजली, डबे कुजले, इंजिने शेडमध्ये गंजत पडली. जतन करावे म्हणून कोणीही काहीही केलेले नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या विधिज्ञांना रेल्वेचे मरण सुचले नाही, एवढेच.

याच सुमारास शेजारच्या टॅलिलिन रेल्वेवर एक अपूर्व प्रयोग झाला. लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅममध्ये सभा भरवली, संस्था काढली आणि मे १९५१ मध्ये गाडी चालवून दाखवली. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे. फेस्टिनिओगच्या बाबतीत १९५४ मध्ये ॲलन पेगलर याने कंपनीचा ताबा मिळवला आणि भाग स्वतःच्या खिशात न ठेवता विश्वस्त निधीकडे सोपवले. (पुढे याच गृहस्थाने ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे विख्यात इंजिन विकत घेतले आणि त्या नादात दिवाळे काढले. हौशीला मर्यादा नसते, पैशाला असते.) जुलै १९५५ मध्ये गाडी बंदराजवळच्या बांधावरून बॉस्टन लॉजपर्यंत धावली. त्याच उन्हाळ्यात १८६३ चे ‘प्रिन्स’ पुन्हा वाफेवर आले. १९५८ मध्ये गाडी टॅनबुल्खला पोचली. झाडी तोडायची, कुजलेले स्लीपर बदलायचे, एक स्टेशन पुढे सरकायचे, असा तो क्रम होता.

मात्र वरच्या टोकाला मार्गच उरणार नव्हता. सरकारी वीज यंत्रणेने टॅनग्रिशाय येथे पाणी वर चढवून साठवण्याची विद्युत योजना आखली. खालच्या जलाशयात रेल्वेचा मार्ग बुडणार होता आणि मोएलविनचा जुना बोगदा निकामी होणार होता. संसदेने योजनेला मंजुरी दिली, १९६३ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले, रूळ पाण्याखाली गेले. नुकसानभरपाईचा झगडा १९७० च्या दशकापर्यंत लांबला. ‘वारसा सांभाळणे हे सरकारचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. सरकारने या रेल्वेसाठी जे काही सर्वांत ठळकपणे केले, ते तिला बुडवणे.

स्वयंसेवकांना टॅनबुल्खपर्यंत गाडी चालवून समाधान मानता आले असते. पर्यटकांना पुरेसा डोंगर दिसत होता, तिकिटे खपत होती. त्यांनी बुडालेल्या भागाला वळसा घालायचे ठरवले. २ जानेवारी १९६५ रोजी दुआल्ट येथे पहिली कुदळ पडली. तेथे मोटाररस्ता जात नव्हता. माणसे, अवजारे, धान्य, सारे गाडीनेच वर जाई. आठवडाभर कचेरीत, वर्गात किंवा कारखान्यात घालवलेली माणसे शुक्रवारी रात्री निघत आणि दोन दिवस पावसात खडक फोडत. जवळच्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलकडे सुरुंग लावण्याचा परवाना होता. तो मदतीला आला.

अडचण उंचीची होती. नवा मार्ग जलाशयाच्या वरून न्यायचा, तर थोड्या जागेत सुमारे पस्तीस फूट अधिक चढायला हवे. त्यावर तोडगा म्हणजे दुआल्टचे वेटोळे : रूळ डोंगराला गोल फेरी मारतात आणि स्वतःच्याच वरून पुलाने ओलांडून जातात. ब्रिटनच्या सार्वजनिक रेल्वेमार्गांवर असे वेटोळे दुसरे नाही. पुढे नवा बोगदा होता, सुमारे २८० मीटरांचा. तो हौशी हातांच्या आवाक्यातला नव्हता. कॉर्नवॉलच्या खाणींत मुरलेल्या माणसांनी पगार घेऊन तो १९७५ ते १९७७ या काळात खणला. सरकारी रोजगार योजनेतले मजूरही शेवटच्या टप्प्यात आले. ‘सारे काही स्वयंसेवकांनी फुकट केले’ ही आवडती दंतकथा म्हणूनच टाकून द्यावी. स्वयंसेवकांनी तेरा वर्षे काम अंगावर घेतले आणि कोठे पगारी कसब लागते ते वेळीच ओळखले. हे श्रेय दंतकथेहून मोठे आहे. जून १९७८ मध्ये गाडी टॅनग्रिशायला आणि मे १९८२ मध्ये ब्लायनायला पोचली.

आता मूळ आक्षेपाकडे वळावे. नवा मार्ग ‘अस्सल’ नाही, असे म्हणणाऱ्यांच्या मनात बुडालेला मार्ग अस्सल असतो. तो तरी १८३६ चा होता काय? नव्हता. १८३६ मध्ये मोएलविनच्या त्या कड्यावर बोगदाच नव्हता. वाघिणी उतरणींच्या साहाय्याने डोंगरावर चढवून पलीकडे उतरवल्या जात. हे काम जाचक ठरले, म्हणून १८४२ मध्ये बोगदा काढून मार्ग बदलण्यात आला. म्हणजे ज्या ठिकाणी १९६५ नंतर वळणमार्ग झाला, त्याच डोंगरात कंपनीने सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा वळणमार्ग काढलेला होता. पहिला बदल अस्सल आणि दुसरा बनावट ठरवायचा तर निकष कोणता? पहिला नफ्यासाठी झाला म्हणून? की तो करणाऱ्यांच्या दाढ्या लांब होत्या म्हणून?

इंजिनांबाबतही हेच. ‘प्रिन्स’चे बॉयलर, चाके, असंख्य भाग बदलले आहेत, असे कुत्सितपणे सांगितले जाते. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ही झिजणारी वस्तू आहे, ती बदलणे हा एकोणिसाव्या शतकातला नित्यक्रम होता. १८७९ मध्ये बॉस्टन लॉजच्या कारखान्यात ‘मर्दिन एमरिस’ हे दुतोंडी इंजिन बांधले गेले. बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच कारखान्यातून ‘अर्ल ऑफ मेरिओनेथ’ बाहेर पडले. दुसऱ्याला नक्कल म्हणायचे असेल तर नातवालाही आजोबांची नक्कल म्हणावे लागेल. त्या कारखान्यात खरोखर टिकले ते कसब : पत्रा कसा वाकवायचा, बॉयलर कसा उभारायचा, आग कशी राखायची. काचेआड ठेवलेल्या इंजिनाचा प्रत्येक खिळा मूळचा असतो आणि ते चालवता येणारा माणूस एकही उरलेला नसतो.

आक्षेपकांनी मांडायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे, आणि तो अवघड आहे. ही रेल्वे वेल्श भाषा बोलणाऱ्या खाणकामगारांच्या श्रमांवर उभी राहिली; तिला वाचवायला आलेले पुष्कळ स्वयंसेवक मात्र इंग्लंडातील शहरांतून आले. कौलांच्या धुळीने ज्यांची फुप्फुसे गेली, त्यांच्या नातवंडांना ही गाडी परक्यांची करमणूक वाटली असेल तर नवल नाही. कंपनीचे वर्तनही सदैव उदात्त नव्हते. शेजारची वेल्श हायलँड रेल्वे १९३७ मध्ये बंद पडली होती. ती पुन्हा उभारण्यासाठी दुसरी हौशी संस्था धडपडत असताना फेस्टिनिओग कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिची जमीन मिळवण्यासाठी गुपचूप बोली लावली, ती पुनरुज्जीवन रोखण्याच्या हेतूने. प्रकरण उघड झाले, कंपनीची छी-थू झाली. धोरण उलटले आणि पुढे त्याच कंपनीने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने ती रेल्वे बांधून काढली. २०११ पासून गाडी कार्नार्व्हनहून पोर्थमाडोगपर्यंत धावते. जुन्या वादाचे ओरखडे संबंधितांच्या मनावरून पुसले गेले नसतील, पण त्यावरून या रेल्वेची समीक्षा करता येते. रुळाखालच्या खडीचे वय मोजून ती होत नाही.

मराठी वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. भारतात रेल्वे ही शासनाची आहे. पन्नास माणसांनी मिळून बार्शी लाइट रेल्वे विकत घ्यावी, अशी सोय कायद्यात कधी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ती १८९७ ची अरुंद लोहवाट आता रुंद झाली. त्यामुळे ‘त्यांनी केले, आपण का नाही’ असा सवंग सवाल टाकणे अन्यायाचे होईल. परंतु यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरच्या ‘शकुंतला’चे छायाचित्र दर काही महिन्यांनी डकवून त्याखाली हळहळणाऱ्यांनी, त्या मार्गावर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालत होते, याचा हिशेब मांडून पाहावा. तेव्हाचा तरुण फायरमन आज साठीच्या आसपास असेल. त्याला गाठून, कोळसा कोणत्या चढावर किती टाकायचा, पाणी कोठे भरायचे, पावसाळ्यात चाके घसरली की वाळू कशी सोडायची, हे लिहून घ्यायला रेल्वे मंडळाची परवानगी लागत नाही.